वीरण्णाचा उभा मृदंग

औशाच्या बाजारात भांड्याच्या गल्लीत जाऊन कुणाला बी विचारा, वीरण्णाचं दुकान कुठं हाय. माणूस हात करून दाखवंल अन् वरून म्हणंल, मृदंगवाले वीरण्णा ना? दुकान भांड्याचं, पण ओळख मृदंगाची. मी शेषेराव. औशाला लागूनच माझं शेत हाय, सोयाबीन अन् तूर काढतो, अन् कीर्तनात वीरण्णाच्या शेजारी पेटी वाजवतो. आमची जोडी जमली तवा दोघांच्या मिशा काळ्या होत्या. आता माझ्या पांढऱ्या झाल्या अन् त्याच्या मेंदीनं लाल झाल्या. मेंदीचं तो कबूल करत न्हाई, म्हणून मी आधीच सांगून टाकलं.

वीरण्णा लिंगायत. बापजाद्यापासून दुकान. सकाळी उठून लिंगपूजा, कपाळाला भस्म, डोक्याला लाल पटका, अन् मग दिवसभर गादीवर बैठक. बैठक म्हणजे अशी की गिऱ्हाईक आलं तरी हा उठायचा न्हाई. गडी माळ्यावरून भांडी काढणार अन् हा बसल्या जागेवरून बघणार. पण भांडं गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आधी याच्या हातातून गेलं पाहिजे. तांब्या असो, कळशी असो, नखानं टिचकी मारायची, कान लावायचा, आवाज खणखणीत आला तर द्यायचं, न्हाईतर बाजूला ठेवायचं. लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या एका बाईनं त्याला विचारलं होतं, एवढं काय ऐकता वो? तर म्हणला, तुमच्या लेकीच्या हातून सासरी हे भांडं पडलं तर कसं वाजंल ते ऐकतो. बाई हसली अन् अजून एक पातेलं घेऊन गेली. धंदा असा करावा.

आता कीर्तन ज्यानं जवळून बघितलं न्हाई त्याच्यासाठी सांगतो. कीर्तनात कीर्तनकार उभा. त्याच्या मागं टाळकऱ्यांची रांग उभी. गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी उभा. मृदंगवाला बी पट्ट्यानं मृदंग पुढं अडकवून उभा. त्या समद्या उभ्या माणसांत बसलेला एकच, पेटीवाला. म्हणजे मी. भजन असलं तर वीरण्णा बी खाली बसून वाजवायचा, त्याला काही हरकत नव्हती, भजन बसूनच करतेत. पण कीर्तन म्हणलं की उभा. कीर्तनकार तासन् तास उभा असताना आपण बुड टेकावं ही गोष्ट त्याच्या डोक्यात मावतच नव्हती.

यावरून आमचं जे भांडण चाललं ते सारी उमर पुरलं. एसटीत, टेम्पोत, सप्ताहाच्या पंगतीत, कुठं बी. त्याचं म्हणणं असं, की दिवसभर गादीवर बसून मी सोताचं पोट भरतो, मग देवापुढं तरी उभं ऱ्हावं का न्हाई? अन् माझं म्हणणं उलटं. मी दिवसभर रानात उभा, न्हाईतर वाकलेला. मला देवापुढं घडीभर बसायला मिळतं हीच देवाची कृपा. देवाला काय, दोन्ही चालतं. तो म्हणायचा, तुम्हाला काय, तुम्ही कीर्तनातले पाटील, बसल्या बसल्या हुकूम सोडता. मी म्हणायचो, अन् तू कीर्तनातला शिपाई. असं दोघं बी हसायचो, पण आतून दोघं बी आपल्या जागेवरून हलत नव्हतो.

एक गोष्ट तो हमखास बोलायचा अन् त्यावर त्याच्या घरवालीचं, जगदेवीवैनीचं, तोंड उतरायचं. त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत न्हाईत, खड्डा करून त्यात मांडी घालून बसवतेत, लिंग हातात देतेत अन् मग माती लोटतेत. तर मी कवा म्हणलो, वीरण्णा, आता बस बाबा, पाय दुखत असतील, की हा म्हणणार, "शेवटी बसवणारच हायेत की. तवा निवांत बसंन." लोक हसायचे. वैनी न्हाई हसायच्या. त्या चुलीकडं तोंड करून म्हणायच्या, जिभंला काही हाड हाय का न्हाई.

वैनींचं बी सांगतो, कारण त्यांच्याशिवाय हे पुढं जात न्हाई. ठेंगणी बाई, आवाज हळू. गावातल्या कुठल्या बी कीर्तनाला त्या येणार अन् बायांच्या बाजूला मांडवाचा खांब धरून बसणार. तिथून त्यांना वीरण्णाचे हात दिसत न्हाईत. मधी टाळकरी, मधी माणसांची डोकी. दिसतो फक्त लाल पटका. तालाचं त्यांना काही कळत न्हाई, त्या सोताच सांगतेत. पण घरी आल्यावर जेवायला वाढता वाढता समदं सांगणार, की आज मधीच पाणी मागितलंत, आज पटका सैल बांधला होतात, आज शेवटाला मान लई हालत होती, दमलात. वीरण्णा माझ्याकडं बघून डोळा मिचकावायचा. म्हणायचा, बघ शेषेराव, सीआयडी लावलाय माझ्यामागं. पण खरं सांगू का, मृदंग अडकवून उभा राहिला की पहिल्यांदा त्याची नजर त्या खांबाकडं जायची. खालून मला चांगलं दिसायचं ते.

गेल्या साली किल्लारीच्या रस्त्याला एका गावात कीर्तन होतं. आम्ही दोघंच गेलो होतो, वैनी घरी होत्या. गजर रंगात आला, टाळ असे पेटले की मांडव हालंल, अन् वीरण्णाचा हात बी त्या दिवशी लई मोकळा होता. मी पेटीवर होतो. एकदम मला वाटलं की मृदंगाची थाप जरा सैल पडली. बघतो तर माणूस डोळे मिटून माझ्याकडं कलायला लागलेला. मृदंग माझ्या पेटीवर अन् वीरण्णा माझ्या मांडीवर. टाळ थांबले. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा आणला, कुणी वारा घालायला लागलं. मी त्याचं तोंड धरून हाका मारत होतो. जरा वेळानं डोळे उघडले. इकडं तिकडं बघितलं अन् माझ्या कानाजवळ विचारलं,

"सम चुकली का रे?"

मी म्हणलो, सम न्हाई चुकली, पण माझ्या पेटीच्या पट्ट्या मोडल्यास. त्यावर तो हसला, अन् मला रडू आलं. लाज कशाची त्यात.

त्याची लेक सुकन्या नांदेडला दिलेली हाय. तिनं फोनवरच फर्मान काढलं, की बाबांना घेऊन तुम्हीच या काका, ते एकटे यायचे न्हाईत. गेलो. तिथल्या डॉक्टरनं झोपवून तपासलं, उभं करून तपासलं, पुन्हा झोपवलं. मग समजावून सांगितलं, की लई वेळ एका जागी उभं राहिलं की यांचं रक्त पायात उतरतं अन् डोक्याला पुरत न्हाई, म्हणून चक्कर येते. गोळ्या घ्या, पाणी पीत ऱ्हा, हिंडा फिरा, पण उभं राहून वाजवायचं न्हाई. बसून वाजवा, खुशाल शंभर वर्षं वाजवा. डॉक्टर भला माणूस, हसत बोलत होता. बाहेर येऊन चपला घालताना वीरण्णा मला म्हणला, बंद म्हणला डॉक्टर. मी म्हणलो, बंद कुठं म्हणला, बसून वाजव म्हणला. तर म्हणला, तेच की.

सुकन्या हुशार पोरगी. बापाचं तोंड बघून तिनं ओळखलं. दुपारी आम्हाला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेली. हातपाय धुवून, डोकं झाकून आत जाऊन बसलो. तिथं बी कीर्तन चाललं होतं. त्यांच्यात बी कीर्तनच म्हणतेत. बाजाची पेटी अन् तबला, अन् गाणारे समदे खाली बसलेले. काय गळा होता एकेकाचा, अंगावर काटा आला. मी चोरून वीरण्णाकडं बघत होतो. त्याची बोटं गुडघ्यावर चालायला लागली होती. मला वाटलं, जमलं. बाहेर आल्यावर मी हळूच विषय काढला, की बघ, हे लोक बसून करतेत, काही कमी पडलं का? तो म्हणला, की तिथं ग्रंथसाहेब उच्चासनावर असतो, त्याच्यापुढं कुणी उंच व्हायचं न्हाई, म्हणून ते बसतेत, ती त्यांची अदब. आपल्याकडं कीर्तनकार उभा असतो, म्हणून आपण उभं ऱ्हायचं, ही आपली अदब. खरंच होतं ते. सुकन्यानं डोक्याला हात लावला अन् आम्हाला बसमध्ये बसवून दिलं.

औशाला आल्यावर त्यानं मृदंगाला खोळ घातली अन् खुंटीला टांगला. भजनाला बोलवलं तर म्हणायचा, बघू. भजन तर बसून असतं, पण आता तो त्याला बी येईना. म्हणला, कीर्तनात उभं ऱ्हायची लायकी न्हाई राहिली, तर भजनाचे लाड कशाला. मी चिडलो, चार शब्द बोललो. वीरण्णा उलट बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

अन् मग एक दिवस मी दुकानात बसलेलो असताना एक गिऱ्हाईक आलं. तांब्या मागितला. गड्यानं काढून दिला. वीरण्णानं तो घेतला, फडक्यानं पुसला अन् गिऱ्हाइकाच्या हातात दिला. टिचकी मारली न्हाई. मी एवढी वर्षं त्या दुकानात चहा पितोय, बिना टिचकीचं भांडं गेलेलं मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की हा नुसता मृदंग सोडून ऱ्हायला न्हाई, हा समदंच सोडून ऱ्हायलाय. असा माणूस फार दिवस टिकत न्हाई, मी बघितलेत तसे.

आमच्या गल्लीतल्या मठात दर साली शिवनाम सप्ताह बसतो. समाप्तीच्या दिवशी सकाळचं कीर्तन, मग आरती, मग महाप्रसाद. त्या समाप्तीच्या कीर्तनाला मृदंग वीरण्णाचाच, हे ठरलेलं. त्यात कुणाला विचारायचं बी कारण नव्हतं. औंदा मात्र मंडळींची कुजबुज सुरू झाली. निलंग्याचा अमरेश म्हणून तरणा वादक हाय, हात चांगला हाय त्याचा, त्याला बोलवावं का? माझी तर तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तावातावानं वीरण्णाकडं गेलो, म्हणलो, तुझ्या जागेवर दुसरा उभा करायलेत, काही वाटतं का तुला? तर हा शांतपणे म्हणला, मीच सांगितलं त्यांना, बोलवा अमरेशला. मी दुकानातून उठलो ते चहा न पिताच.

दोन दिवस मी त्याच्याशी बोललो न्हाई. मग मला एक अक्कल सुचली. म्हणलं, याला बसायचं न्हाई, उभं ऱ्हाता येत न्हाई, तर मधली तोड काढू. वेल्डिंगवाल्याकडं गेलो अन् एक लोखंडी स्टूल करून घेतलं, उंच, कमरेच्या वर. त्यावर टेकलं की माणूस लांबून उभाच दिसंल, वरून धोतर सोडलं की स्टूल झाकून जाईल. लई खूश होतो मी सोतावर. सप्ताह सुरू झाल्यावर दुपारच्याला, मठात गर्दी नव्हती तवा, वीरण्णाला गोड बोलून घेऊन गेलो. स्टुलाला गादी बांधली होती. तो नाखुशीनं का होईना वर चढला. मी मठातला मृदंग त्याच्या पुढ्यात दिला. अन् तितक्यात चूक माझ्या ध्यानात आली, पण उशीर झाला होता.

सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की समाप्तीपर्यंत खाली ठेवायची न्हाई, अन् ती गळ्यात घेतलेल्या माणसानं बसायचं न्हाई. दिवसरात्र पाळीपाळीनं एक एक जण ती घेऊन उभा ऱ्हातो. त्या वेळी बी एक म्हातारे वीणा घेऊन उभे होते, जरा बुटके. अन् माझ्या त्या स्टुलावर बसलेला वीरण्णा त्यांच्या बी वर, वीणेच्या बी वर, हत्तीवरच्या हौद्यात बसल्यासारखा. त्यानं खाली बघितलं, खाली वीणा दिसली, अन् त्याचा चेहराच पडला. अशी उडी मारली की पुन्हा चक्कर येऊन मलाच धरावं लागलं. "वीणेच्या डोक्यावर बसवतोस व्हय रे मला?" एवढंच बोलला, पण त्यापेक्षा दोन मुस्काटात मारल्या असत्या तर परवडलं असतं. वीणेवाले म्हातारे मिशीत हसायला लागले होते. ते स्टूल मी गुपचूप घरी नेलं. आमच्या घरवालीनं त्यावर पाण्याचा माठ ठेवलाय. येता जाता मला दाखवते.

समाप्तीच्या आदल्या दिवशी सकाळी मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. वीरण्णा देवघरापुढं पूजेला बसला होता. मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग, समोर बेलाची पानं. मी ओसरीवर बसलो. वैनी स्वयंपाकघरात परातीत कणीक मळत होत्या. पूजा झाली, लिंग पुन्हा गळ्यात गेलं, तो मला बघून कसनुसा हसला. अन् वैनी कणकेच्या हातानं उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या म्हणल्या, "रोज सकाळी देवाला तळहातावर घेऊन बसता. एक दिवस तरी उभ्यानं पूजा केलीत का? तो बसलेल्या माणसाची पूजा घेतो, मग मृदंग का घ्यायचा न्हाई?"

वीरण्णा पुटपुटला, की लोक काय म्हणतील. त्या म्हणल्या, तुम्ही तिकडं पडलात तवा लोक बघत होते, अन् मी हितं कणीक मळत होते. तुम्ही पडल्याचं सांगायला फोन वाजला तवा हाताला पीठ तसंच होतं. मग सुकन्या नांदेडहून विचारत होती, आई काय झालं, अन् मला सांगता येईना. पुन्हा मला तसला फोन नको.

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. वीरण्णा खाली बघत होता. मग त्यानं जे सांगितलं ते मला बी नवीन होतं, अन् मी त्याला लहानपणापासून ओळखतो असं समजत होतो.

"बसलो तर तुला दिसायचो न्हाई," तो म्हणला.

वैनी त्याच्याकडं बघतच राहिल्या. मी तर उठून जावं का काय, असं झालं मला. साऱ्या उमरीचं आमचं भांडण, अदब काय अन् कीर्तनकार काय, अन् त्याच्या तळाशी हे होतं. ते खोटं होतं असं न्हाई. पण हे बी होतं. शेवटी वैनींनी पदरानं तोंड पुसलं, गालाला कणीक लागली त्याचं बी त्यांना भान न्हाई. म्हणल्या, न दिसंना. आवाज तर येतो. मृदंग वाजत असला की मला समजतं तुम्ही हाव.

वीरण्णा उठला, खुंटीवरून मृदंग काढला, खोळ सोडली. मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय त्याचा खर्ज निघत न्हाई. तो वैनींकडं न बघता म्हणला, जरा कणीक दे. बस, एवढंच. मी ओसरीवरच हात जोडले, कुणाला ते माझं मलाच म्हाईत न्हाई.

समाप्तीच्या दिवशी मठापुढचा मांडव सकाळपासूनच भरला. अमरेशला आदल्या दिवशीच निरोप गेला होता, की औंदा येऊ नको. कीर्तन दर सालासारखं उदगीरच्या शिवकन्याताईंचं होतं. तरणी बाई, पण आवाजात दम, अन् बोलायला लागली की म्हातारे बी मान डोलवतेत. वीरण्णा आला, कुणाकडं बघितलं न्हाई, सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसला अन् मृदंग मांडीपुढं घेतला. लोकांनी बघितलं, पण कुणी काही बोललं न्हाई. कीर्तनाच्या आधी ताई मृदंगाला हात लावून पाया पडतेत. दर साली कमरेत वाकायच्या, औंदा गुडघे टेकून मृदंगाला हात लावला अन् उठल्या. मला ती बाई त्याच दिवशी आवडली.

मी वीरण्णाच्या कानात म्हणलो, या, हा आमचा मुलूख. त्यानं कोपर मारलं. पण सुरुवातीला त्याचं बिनसलंच. हात बरोबर होता, पण तो मान वर करकरून ताईंचं तोंड बघायला जायचा. उभ्यानं वाजवताना त्याला त्यांचे डोळे दिसायचे, कुठं थांबायचं, कुठं उचलायचं ते डोळ्यांवरून कळायचं. आता खालून नुसती हनुवटी दिसत होती. मी पेटी वाजवता वाजवता म्हणलो, तोंड सोड, टाच बघ. साऱ्या जन्मात मी कीर्तनकाराचं दुसरं काय बघितलंय? गजर उचलायच्या आधी ताईंची उजवी टाच जरा वर होते. त्यानं बघितलं. टाच वर झाली अन् त्याची थाप अशी पडली की मागचे टाळकरी एकदम ताठ झाले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मेंदीच्या मिशीखाली हसला. मला भांडण जिंकल्याचा आनंद झाला का मैतर परत मिळाल्याचा, ते मी सांगू शकत न्हाई.

कीर्तन छान झालं. मग आरती. आता आरतीला समदे उठतेत. पेटीला आरतीत काम न्हाई, टाळ, मृदंग अन् टाळ्या, म्हणून मी बी उठतो. सारा मांडव उभा राहिला. अन् त्या उभ्या माणसांच्या जंगलात एकटा वीरण्णा खाली. तीच वेळ होती अवघड. कीर्तन सोपं होतं त्यापुढं. आरती सुरू झाली, दोन ओळी झाल्या, अन् त्याचा धीर सुटला. मृदंग थांबला. त्यानं एक हात जमिनीला टेकला अन् उठायला लागला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून दाबला. बस म्हणलो, वीरण्णा, तुला शपथ हाय. तो थांबला, वर माझ्याकडं बघितलं, डोळे भरलेले. मग बसला अन् पुन्हा वाजवायला लागला. मधी जो खंड पडला तो टाळांमध्ये कुणाला कळला बी नसंल.

एकीला कळला. बायांच्या बाजूला गडबड झाली. लोक उभे, पटका दिसत न्हाई, अन् आता मृदंग बी थांबलेला. जगदेवीवैनी खांब सोडून निघाल्या होत्या. बायांमधून, मग गड्यांमधून, टाळकऱ्यांच्या रांगेतून वाट काढत, पदर एकीकडं, चप्पल न्हाई. त्या जन्मात कधी त्या बाजूला आल्या नव्हत्या. आमच्यापाशी येऊन पोचल्या तर वीरण्णा खाली बसून वाजवतोय. धडधाकट. त्या तिथंच उभ्या राहिल्या, श्वास लागलेला, एक हात छातीवर. मी म्हणलो, काही न्हाई वैनी, ठीक हाय सगळं. त्यांनी ऐकलं का न्हाई कुणास ठाऊक. त्या हळूच वाकल्या अन् त्याच्या शेजारी, माझ्या जागेवर, खाली बसल्या.

वीरण्णा वाजवता वाजवता दबक्या आवाजात म्हणला, आरती चालू हाय, उभी ऱ्हा, लोक बघायलेत. मी पेटीवाला माणूस, सारी उमर खालून बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा वीरण्णाला वरून बघत होतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाकलेलो होतो, म्हणून मला वैनींचं बोलणं नीट ऐकू आलं.

"मेल्यावर येगळ्या येगळ्या खड्ड्यात बसवतेत," त्या म्हणल्या. "हितं तरी जवळ बसू द्या."

त्यानं हात चालू ठेवला, एक थाप चुकली न्हाई. समदा मांडव उभा राहून आरती म्हणत होता अन् ती दोघं खाली बसलेली होती. उठायच्या झटक्यात त्याचा पटका एका बाजूला घसरला होता. वैनींनी तो दोन्ही हातांनी धरून नीट बसवला, अन् मग टाळ्या वाजवायला लागल्या.